बाराच्या आत

काटईच्या अलीकडे गाडी थांबली तेव्हा रत्नदीपने काळजी केली नाही. इथे वीस मिनिटं जाणार हे त्याने धरलंच होतं. ठाण्याहून साडेनऊला निघाले होते, मुंब्रा बायपास सुरळीत गेला, शीळफाट्यालाही फार वेळ मोडला नाही. घर पिसवलीत, कल्याण पूर्वेला. रविवार होता. अकराला घरी आणि साडेअकराला भंतेंचं जेवण, असा त्याचा हिशेब होता.

भंते मागच्या सीटवर बसले होते. सत्तरी ओलांडलेले, सडपातळ, चीवराचं टोक मांडीवर गोळा करून धरलेलं. ठाण्यातल्या एका लहानशा विहारात ते कितीतरी वर्षं होते, आणि रत्नदीपच्या वडिलांना, दगडूंना, तेव्हापासून ओळखत होते. दगडू जाऊन आज वर्ष झालं होतं. घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. आधी त्रिसरण-पंचशील, मग भंतेंना भोजनदान, मग पाठ आणि बाकीच्यांची पंगत. हा क्रम बदलता येत नाही, कारण भिक्खू दुपारी बारानंतर अन्न घेत नाहीत. बारा वाजून गेले की ताट समोर असलं तरी हात लावत नाहीत. मग थेट दुसऱ्या दिवशी सकाळी.

गेल्या वर्षी नेमकं तेच झालं होतं. दगडू गेल्यानंतरच्या पहिल्या पुण्यानुमोदनाला भंते डोंबिवली स्टेशनवरून रिक्षाने येत होते. गटाराच्या कामासाठी मधला रस्ता खणलेला, रिक्षावाला गल्ल्यागल्ल्यांतून फिरत राहिला आणि ते दारात आले तेव्हा बारा वाजून गेले होते. भंते शांतपणे बसले, पाठ म्हटला, पाणी प्यायले आणि गेले. रत्नदीपच्या आईने, रमाबाईंनी, त्यांच्यासाठी वाढलेलं ताट उचलून आत नेलं आणि झाकून ठेवलं. मग वर्षभर कुठलाही विषय निघाला तरी तो फिरून त्या ताटापाशी यायचा. "ह्यांच्या नावाने भंतेंना चार घास माझ्या हातून जायला हवे होते. तेवढं राहिलं बघ."

म्हणून यंदा रत्नदीप स्वतः गेला होता. भंते फोनवर म्हणाले होते, "अरे, मी ट्रेनने येतो. रविवारी बसायला मिळतं." रत्नदीपने ते उडवून लावलं. गाडी घेऊन चार महिने झाले होते, आणि वडिलांना जे कधी जमलं नाही ते त्याला करायचं होतं. शिवाय रस्त्यांचं त्याला कोणी सांगावं असं नव्हतं. भिवंडीच्या एका गोदामात तो माल पोचवणाऱ्या गाड्यांचे मार्ग ठरवायचा. चाळीस गाड्या, चाळीस ड्रायव्हर. कोणी कुठून वळायचं आणि कुठे थांबायचं हे रोज सकाळी तो सांगायचा. काल संध्याकाळी तो मुद्दाम शीळफाट्यापर्यंत जाऊन परत आला होता. मानपाड्यानंतर उजवीकडून वळण दिलं होतं, ते सरळ पुढे निघत होतं. त्याने ते दोनदा पाहिलं होतं.

गाडी पाच फूट पुढे सरकली आणि थांबली.

रस्त्याच्या मधोमध मेट्रोच्या कामाचे निळे पत्रे लांबवर उभे होते, माणसाच्या डोक्याहून उंच. पलीकडची बाजू दिसत नव्हती, पण तिकडून गाड्या जात असल्याचा आवाज येत होता. सलग, न थांबता. इकडे डाव्या अंगाला काँक्रीटची नवी कोरी मार्गिका होती, पूर्ण झालेली, वर पांढरे पट्टेसुद्धा मारलेले. तिच्या तोंडाशी अडथळे लावले होते आणि आत क्रिकेट चाललं होतं. स्टंप म्हणून नारिंगी शंकू होते.

"हा रस्ता पूर्ण झालेला मी तीनदा पाहिलाय," भंते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "प्रत्येक वेळी छान झाला होता."

शेजारच्या रिक्षातून ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "नवीन गाडी वाटतं दादा?"

"हो."

"हप्ते किती वर्षांचे?"

"पाच."

"मग होईल. पोचाल तोपर्यंत."

रिक्षातल्या दोन बायका हसल्या. रत्नदीपही हसला, पण त्याने हातातलं घड्याळ पाहिलं. मग गाडीतलं पाहिलं. दोन्हींत एकच वेळ होती.

तो खाली उतरला आणि अडथळ्यांपाशी गेला. "भाऊ, इथून काढता येईल का गाडी? पुढे मोकळाच दिसतोय."

गोलंदाजी करणाऱ्याने चेंडू पँटला पुसला. "मोकळाय ना. त्या वळणापर्यंत. पुढे पाण्याच्या लाइनसाठी परत फोडलाय, सळ्या वर आल्यात. एक बाइकवाला काल गेलेला आत."

"मग?"

"मग काय, उचलून आणला. तुम्ही तिकडे उभे राहा ना, फिल्डिंगला अडताय."

तो गाडीत येऊन बसला तोच बहिणीचा फोन आला. मेघना सकाळपासून माहेरी आली होती.

"दादा, कुठेयस?"

"काटई. येतोय."

"अजून काटई? अरे, इथे सगळे आलेत. आई काय म्हणते ऐक. ती डबा घेऊन निघते. मी स्कूटीवर आणते तिला मानपाड्याच्या सर्कलपर्यंत. आमच्याकडून तिकडे यायचा रस्ता मोकळाय, आत्ताच आमचे भावोजी गेले त्या बाजूने, फोन आला त्यांचा. दहा-पंधरा मिनिटांत पोचू. तुम्ही तिथे थांबा, तिथेच कुठेतरी सावलीत बसवू भंतेंना."

"रस्त्यावर?"

"मग काय झालं? भंते झाडाखाली पण बसतात."

"आईचे गुडघे बघ आणि तुझी स्कूटी बघ. मेघना, मी रोज हेच काम करतो. मानपाडा पार केलं की उजवीकडचं वळण आहे, काल बघून आलोय. साडेअकराच्या आत दारात."

मागून आईचा आवाज आला. "त्याला सांग, मी येते. मला काही होत नाही."

"आईला म्हणावं गॅस बारीक कर आणि बस. आलोच."

त्याने फोन ठेवला. भंतेंनी सगळं ऐकलं होतं, पण जेवणाबद्दल, वेळेबद्दल त्यांनी काही सुचवणं रीतीत बसत नव्हतं. मिळेल ते घ्यायचं, मागायचं नाही.

गाड्या हलल्या. काटई मागे पडलं, मानपाड्याचं सर्कलही आलं आणि गेलं. रत्नदीपने गाडी उजव्या कडेला घ्यायला सुरुवात केली. मागचे हॉर्न वाजले, तरी तो घेत राहिला. पुढे पत्र्यांमध्ये कालची फट होती तिथे आज काँक्रीटचे ठोकळे बसवले होते. ठोकळ्यांवरचा चुना अजून ओला होता. समोर फळकुटावर रंगवलेला बाण डावीकडे वळत होता, आणि त्याच फळकुटावरचा जुना, उजवीकडचा बाण अर्धवट खोडला होता. खाली पिवळं जॅकेट घातलेला वॉर्डन शिट्टी वाजवत होता.

रत्नदीपने काच खाली केली. "काल तर इकडून होतं."

"काल मी नव्हतो. डावीकडे घ्या."

"हा रस्ता बाहेर कुठे निघतो?"

"निघत असेल ना कुठेतरी."

"असेल म्हणजे?"

"ओ साहेब, मी सकाळपासून इथे उभाय. आत गेलोय का मी? चला, चला, मागे लाइन लागली."

मागे खरंच लाइन लागली होती. तो डावीकडे वळला.

आतला रस्ता दोन इमारतींच्या मधून गेला, मग गाळ्यांच्या रांगेसमोरून. एका बाजूला नवीन गटाराचा चर खणलेला, त्यातली माती दुसऱ्या बाजूला टाकलेली, आणि उरलेल्या जागेतून एकामागे एक गाड्या. थोडं पुढे जाऊन सगळ्या थांबल्या. रत्नदीपला आधी वाटलं सिग्नल असेल. मग पुढच्या टेम्पोचा ड्रायव्हर उतरून चालत गेला आणि परत येताना प्रत्येक गाडीच्या काचेवर टकटक करत सांगत आला.

"पुढे नाल्यावरचा स्लॅब अजून टाकलेलाच नाहीये. सळ्या बांधून ठेवल्यात. रिव्हर्स मारा."

"सगळ्यांनी?"

"मग काय उडी मारणार? मागच्याला सांगा, तो त्याच्या मागच्याला सांगेल."

मागच्याला सांगितलं. मागच्याने ऐकलं नाही. वॉर्डन तोंडाशी उभा राहून अजूनही गाड्या आत पाठवत होता.

साडेअकरा वाजून गेले. रत्नदीपने मेघनाला फोन लावला.

"आण आईला. लगेच निघ."

"आता?" मेघनाने आवाज खाली आणला. "दादा, अर्ध्या तासापूर्वी सांगत होते. आता पोलिसांनी मानपाड्याचा वळायचा कट बंद केलाय. भावोजींचे मित्र आत्ता आले, ते सांगत होते. आमच्या बाजूने आलेल्याला थेट काटईला जाऊन वळावं लागतंय. आणि तिकडून परत तू जिथून आलास तसंच."

"स्कूटी लाव आणि चालत या पलीकडून."

"पत्रे आहेत ना मध्ये. आई पत्र्यावरून चढणार का?"

त्याने फोन ठेवला. त्याने स्वतःच्या ड्रायव्हरांना अशा वेळी काय सांगितलं असतं याचा विचार केला. त्यांना तो म्हणायचा, माल उतरवू नको, ग्राहकाला वेळ कळव. इथे कळवण्यासारखी वेळ नव्हती.

त्याने आरशात पाहिलं. भंतेंनी डोळे मिटले होते. कपाळावर घाम होता. एसी चालू असून घाम होता.

"भंते, सकाळी काय घेतलंत?"

"चहा." त्यांनी डोळे उघडले. "तुझ्या आईच्या खिरीसाठी जागा ठेवली होती."

"गोळी असते ना तुमची? शुगरची?"

"असते. ती घेतली."

रत्नदीप वळून त्यांच्याकडे बघत राहिला. गोळी घेतली, पोटात चहा. बारा वाजले की उद्या सकाळपर्यंत काही नाही. त्याला एकदम ही गाडी, एसी, सीटवर अंथरलेला पांढरा पंचा, सगळ्याचा संताप आला.

चराच्या पलीकडे, गाळ्यांमध्ये, एक नाश्त्याचं दुकान उघडं होतं. 'साईनाथ स्नॅक्स'. चरावर एक फळी टाकलेली होती. इथे काहीतरी घेऊन भंतेंना देता आलं असतं. दान झालं असतं, नियम पाळला गेला असता, म्हातारा माणूस उपाशी राहिला नसता. पण मग घरचं ताट दुसऱ्या वर्षीही तसंच झाकून ठेवावं लागणार. आणि घरी जाऊन आईला काय सांगायचं? की तू येत होतीस, मी नको म्हणालो, आणि तुझ्याऐवजी मी इडली दिली?

थांबून बघायचं का? पुढचा टेम्पो दोन हात मागे आला होता. रस्ता सुटला तर दहा मिनिटांत घर. सुटला तर. सकाळपासून तो हेच 'तर' चालवत होता.

त्याने मेघनाला नाही, आईच्याच फोनवर फोन लावला. बराच वेळ वाजला. मागे माणसांचा गलबला आणि भांड्यांचा आवाज होता.

"आई."

"आलास का? कुठवर आलास?"

"आई, मी पोचत नाही."

पलीकडे कोणीतरी ताटं मोजत होतं, ते ऐकू येत राहिलं.

"भंतेंना सकाळपासून काही नाहीये पोटात. इथे एक दुकान आहे. मी इथेच देतो त्यांना."

रमाबाई म्हणाल्या, "स्वच्छ आहे का दुकान?"

"दिसतंय."

"बसायला काही पांढरं आहे?"

"गाडीतला पंचा आहे."

"तो घाल. हातावर पाणी घाल त्यांच्या. प्लेट टेबलावर नको ठेवू, दोन्ही हातांनी दे, हातात दे. आणि पप्पांचं नाव घे. मनात नको, मोठ्याने घे."

"हो."

"किती वाजले?"

"वीस मिनिटं आहेत."

"मग बोलत काय बसलास?" त्यांनी फोन ठेवला.

रत्नदीपने गाडी बंद केली, मागचं दार उघडलं. "भंते, या." भंते उतरले, फळीकडे पाहिलं, चीवर घोट्यावर उचललं आणि त्याचा हात धरून पलीकडे गेले. फळी मधोमध वाकली. मागून हॉर्न सुरू झाले.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मालक साईनाथ गल्ल्यापाशी वर्तमानपत्राने वारा घेत बसला होता. भंतेंना पाहून तो उठला आणि त्याने हात जोडले.

"काय आहे खायला?" रत्नदीपने विचारलं.

"इडली आहे, उपमा आहे. वडे तळायचे बंद केले. हा चर खणल्यापासून कोण येतंय? उडी मारून येणाऱ्याला वडा, असा बोर्ड लावणार होतो."

"इडली द्या. गरम. लवकर. बाराच्या आत खायला लागतं त्यांना."

"बाराच्या आत?" साईनाथने मागच्या भिंतीकडे पाहिलं.

रत्नदीपनेही पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात बाराला पाच कमी होते. त्याने हातावरचं पाहिलं. सतरा कमी. पुन्हा भिंतीकडे. भंते बाकाजवळ उभे होते, तेही घड्याळाकडेच बघत होते आणि बसत नव्हते.

"ते पुढे ठेवलंय," साईनाथ म्हणाला. "पोरं कामाला उशिरा येतात म्हणून. आता पोरंच नाहीत, घड्याळ तसंच राहिलं."

"मोबाइलमध्ये बघ," भंते म्हणाले. रत्नदीपने फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा सरळ करून पाहिलं, मान हलवली आणि बसले.

त्याने पंचा अंथरला, टेबलावरच्या जगमधून पाणी घालून त्यांचे हात धुतले. साईनाथने आतून प्लेट आणली. वाफ येत होती. रत्नदीपने ती दोन्ही हातांनी घेतली आणि भंतेंच्या हातात दिली. आजवर हे वडील करायचे, आणि आई बाजूला पदर डोक्यावर घेऊन उभी असायची. तो कायम मागे, मोबाइलवर फोटो काढत.

"दगडू..." तो म्हणाला, आणि वडिलांचं असं नुसतं नाव आपण कधी उच्चारलं नव्हतं हे त्याच्या लक्षात आलं. "माझे वडील दगडू यांच्या नावाने, आणि आई रमाबाई हिच्या वतीने."

भंतेंनी पुटपुटत पुण्यानुमोदनाची गाथा म्हटली. नंतर खाल्लं. घाईने नाही आणि रेंगाळतही नाही. साईनाथ उपम्याची वाटी घेऊन आला तेव्हा रत्नदीपने ती त्याच्याकडून घेऊन पुन्हा स्वतः दिली. भंतेंनी त्यातलं अर्धं खाल्लं, प्लेटवर हात आडवा धरला आणि म्हणाले, "पुरे."

बाहेरून कोणीतरी ओरडलं, "अरे, ही पांढरी गाडी कोणाची? रस्त्यात गाडी सोडून इडली खायला गेला बघा!"

"खाऊ दे रे, त्याला तरी काहीतरी मिळालं आज," दुसरा म्हणाला, आणि दोन-तीन माणसं हसली.

रत्नदीप पैसे द्यायला गेला तर साईनाथ नको म्हणाला. "भंतेंचे कसे घेऊ?"

"घ्या. नाहीतर दान तुमचं होईल."

साईनाथने त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग उपम्याचे नाही घेत," तो म्हणाला आणि इडलीचे तेवढे घेतले.

गाडी बाहेर काढायला आणखी तास गेला. रिव्हर्समध्ये, मान वळवून, मागच्या गाडीवाल्याच्या "येऊ दे, येऊ दे, बस" वर. भंते मागे शांत झोपले होते. घाम गेला होता. रत्नदीपला मात्र आता घाम फुटला होता. घर जसं जवळ येत होतं तसा त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जात होता. शेवटच्या वळणावर पुढे रस्ता रिकामा असतानाही तो सावकाश चालवत राहिला आणि मागच्या दुचाकीवाल्याने त्याला शिवी दिली.

घरी कोणी जेवलं नव्हतं. सगळे उठून उभे राहिले, "वंदामि भंते" झालं, भंते आसनावर बसले. रमाबाईंनी त्यांना पंचांग नमस्कार केला, गुडघ्यांना हात देत उठल्या, चीवरदान दिलं. पाठ झाला, दगडूंच्या फोटोसमोर मेणबत्त्या लागल्या. या सगळ्यात त्यांनी मुलाकडे एकदाही पाहिलं नाही. भंते धम्मदेशनेत म्हणाले की आज दान वेळेत मिळालं, ज्याने दिलं त्याच्या हातून आणि जिने द्यायला सांगितलं तिच्या मनातून. लोकांनी साधु, साधु म्हटलं. रमाबाईंनीही म्हटलं.

मग त्या आत गेल्या. रत्नदीप मागोमाग गेला. ओट्यावर पातेली ओळीने लावलेली होती. वाटाण्याची उसळ, वरण, खीर, पुऱ्यांची परात कापडाने झाकलेली. एका कडेला ताट मांडलेलं होतं, वाट्या लावलेल्या, रिकाम्या.

"काय दिलंस?" त्यांनी पाठमोऱ्या राहूनच विचारलं.

"इडली. थोडा उपमा."

"गरम होत्या?"

"होत्या."

"किती?"

"दोन."

"दोनच?" त्या वळल्या.

"भंते पुरे म्हणाले."

"ते पुरेच म्हणणार. त्यांना विचारायचं नसतं, वाढायचं असतं."

"चुकलं, आई."

"इडलीचं नाही बोलत मी." रमाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "मी येते म्हणाले होते."

"हो."

"तू बस म्हणालास."

बाहेर मेघना पंगतीला माणसं बसवत होती, एक लहान मूल भूक लागली म्हणून रडत होतं. रमाबाईंनी कडेच्या ताटातल्या वाट्या एकेक करून काढल्या आणि ते ताट बाकीच्या ताटांच्या चळतीत वर ठेवलं. मग पुऱ्यांवरचं कापड काढलं.

"चल, ताटं घेऊन जा. कधीपासून ताटकळलेत सगळे."

त्याने चळत उचलली. दारापर्यंत गेला तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "आणि मोटारीची चावी माझ्याकडे देऊन ठेव. गाडी मेघना चालवेल, तीच सोडेल भंतेंना."